ओम्नीच्या मागच्या पाट्यांचे बुश घरच्या अंगणात कसे बदलावेत

आंब्याच्या हंगामात आमची ओम्नी जमिनीला टेकायची तेवढी बाकी असते. मागची सीट काढलेली, तिच्या जागी छतापर्यंत पेट्या. तेव्हा ती कुरकुरते, पण चालते सरळ. खरी गंमत परतीच्या वाटेवर. पेट्या उतरवून रिकामी गाडी घेऊन निघालो आणि काटा साठच्या पुढे गेला की मागचा भाग वळवळायला लागायचा, जणू मागे बसून कोणी दुसरंच स्टिअरिंग फिरवतंय. क्लच सोडला की खालून ‘टक’. रिव्हर्स टाकला की पुन्हा ‘टक’. एकाने शॉकअप बदलायला सांगितले, दुसऱ्याने अलाइनमेंट. दोन्ही करून झालं, पैसे गेले, वळवळ तशीच.

शेवटी स्वतःच चटई टाकून गाडीखाली शिरलो. पाट्याच्या (लोखंडी पट्ट्यांची कमान, म्हणजे लीफ स्प्रिंग) पुढच्या डोळ्यातलं, म्हणजे टोकाच्या गोल भोकातलं रबर, ज्याला बुश म्हणतात, ते पापडासारखं बाहेर आलेलं होतं आणि बोल्ट भोकाच्या मधोमध न राहता एका कडेला चिकटला होता. रोग तिथे होता.

ओम्नी १९८४ साली ‘मारुती व्हॅन’ म्हणून आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. एवढ्या वर्षांत मागे कमानपाटेच राहिले. शाळेची मुलं, ॲम्ब्युलन्स, केटरिंगची पातेली, आंबे, सगळं याच पाट्यांवर. अजून हजारो गाड्या फिरताहेत. बुशचं काम असं आहे की हत्यारं बेताची असली तरी घरी होतं, पण एक चूक केली तर चार महिन्यांत पुन्हा करावं लागतं. ती चूक मी केली आहे. ती कुठली, ते पुढे येईलच.

बुश गेला की नेमकं काय होतं

कॉइल स्प्रिंगच्या गाडीत वजन स्प्रिंग उचलते आणि ॲक्सल, म्हणजे मागची दोन चाकं जोडणारा आडवा दांडा, जागेवर धरायला वेगळे आर्म असतात. ओम्नीत तसं नाही. वजनही पाटाच उचलतो आणि ॲक्सलही पाटाच धरून ठेवतो. पाट्याचं पुढचं टोक, म्हणजे पुढचा डोळा, एका बोल्टने बॉडीच्या ब्रॅकेटला जखडलेलं. मागचं टोक शॅकलवर, म्हणजे दोन पट्ट्यांच्या झुलत्या दुव्यावर लोंबतं, कारण ओझं आलं की कमान सपाट होते, पाटा लांबतो आणि त्या लांबीला सरकायला जागा लागते. शॅकल ती जागा देतो.

आता बघा: गाडी मागच्या चाकांवर चालते. चाकं गाडीला पुढे ढकलतात ती ढकल पुढच्या डोळ्यातून बॉडीत जाते. ब्रेक दाबला की ओढही तिथूनच. म्हणून पुढचा बुश गेला की ‘टक’ येतो. क्लच सोडल्यावर ॲक्सल एकीकडे, रिव्हर्सला दुसरीकडे. आणि दोन्ही बाजू सारख्या कधीच झिजत नाहीत. दोन पाट्यांमधलं अंतर मीटरभर धरा आणि एका बाजूला ५ मिमी झीज. ओम्नीचा व्हीलबेस १८४० मिमी. म्हणजे मागचा ॲक्सल गाडीला जी दिशा दाखवतो ती पुढच्या चाकांपाशी पोचेपर्यंत साधारण ९ मिमीने तिरकी झालेली असते. अलाइनमेंटवाला पुढची चाकं कितीही सरळ करो, मागून ढकलणारा तिरकाच ढकलतोय.

शॅकलचे बुश गेले तर त्रास वेगळा. खड्ड्यात आणि स्पीडब्रेकरवर मागून खडखड, वळणावर गाडी आधी बाजूला सरकते आणि मग झुकते.

आधी खात्री करा

पहिला संशय क्रॉसवर घ्या. प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद मागच्या ॲक्सलपर्यंत नेणारा लांब दांडा) क्रॉस, म्हणजे त्याचा फिरता सांधा, गेला तरी क्लच सोडताना असाच ‘टक’ येतो. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, गाडी न्यूट्रलला ठेवा आणि खालून शाफ्ट हाताने डावी-उजवीकडे फिरवा. क्रॉसच्या एका बाजूचा योक (त्याला पकडणारा काटा) हलला आणि दुसरा थांबूनच राहिला, तर आधी क्रॉस बदला.

मग टॉमी, म्हणजे रेटायची लांब लोखंडी कांब घ्या. पुढच्या डोळ्यात आणि ब्रॅकेटमध्ये टोक घालून पुढे-मागे रेटा. चांगला बुश किंचित दबतो आणि परत येतो. गेलेला बुश दबत नाही, सरळ सरकतो, आणि लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येतो. शॅकलच्या वरच्या आणि खालच्या पिनेपाशी हेच बाजूबाजूला करून बघा. शॉकअपच्या डोळ्यातले रबरही लगे हात पाहून घ्या. माझ्या गाडीत एक त्याच वेळी सापडलं.

करकर येत असेल तर बुशवर लगेच खापर फोडू नका. पाट्यावर पाटा घासला तरी करकर येते. पाण्याचा पाइप मारून पाटे भिजवा. आवाज तासभर गेला तर तो पाट्यांचा.

सामान

एका बाजूला तीन जागा: पाट्याचा पुढचा डोळा, पाट्याचा मागचा डोळा आणि चेसिसमधला शॅकलचा वरचा डोळा. शॅकलमध्ये रबराची दोन अर्धुकं असतात, दोन्ही बाजूंनी आत सारायची, टोपीसारखी कड बाहेर. पुढच्या डोळ्यात मात्र लोखंडी नळीसकट एकसंध बुशही आढळतो, विशेषतः कधी पाटे बदललेले असतील तर. म्हणून दुकानात जाण्याआधी खाली शिरून बघा आणि मोबाइलवर फोटो काढा. “ओम्नीचे पाटा बुश द्या” एवढंच सांगितलंत तर काउंटरवरून जे येईल ते घरी येऊन बसेलच असं नाही.

दोन्ही बाजूंचे एकदमच घ्या. एका बाजूला नवे, दुसरीकडे जुने, हे वर सांगितलेल्या तिरकेपणाला आमंत्रण आहे. सोबत पुढच्या डोळ्याचे दोन बोल्ट, सगळे नट आणि वॉशर घ्या. बोल्ट हार्डवेअरच्या दुकानातून साधा आणू नका. मूळ पार्ट मिळाला तर उत्तम, नाहीतर डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा असलेला, आणि बिनआट्याचा गुळगुळीत भाग जुन्या बोल्टाएवढाच लांब. आटे बुशच्या नळीत आले की करवतीसारखं काम करतात.

पॉलियुरेथेनचे बुश घ्यावेत का, असं भाचा विचारत होता. “मामा, ते कधी झिजत नाहीत म्हणे.” झिजतात, उशिरा. पण रस्त्याचा प्रत्येक खडा बसणाऱ्याच्या पाठीला कळतो आणि त्यांना त्यांचं स्वतःचं सिलिकॉन ग्रीस लागतं, नाहीतर किंचाळतात. मी रबरच घेतलं.

हत्यारांत १० ते १९ पर्यंतचे रिंग पाने आणि सॉकेट, लांब दांड्याचा पाना, टॉमी, दोन किलोचा हातोडा, पितळी किंवा तांब्याचा पंच, तारेचा ब्रश, हॅक्सॉ ब्लेड, ट्रॉली जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड). टॉर्क पाना (किती जोराने आवळतोय ते मोजणारा) कोणाकडून तरी मागून आणा. साबणाचं पाणी. आणि डोळ्यांवर चष्मा, कारण गंज वरून थेट डोळ्यातच पडतो, त्याला दुसरी जागा सापडत नाही.

गाडी उचलणं: इथे घाई नको

आदल्या संध्याकाळी सगळ्या नट-बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. आमच्या कोकणात पावसाची हवा आणि तांबडी माती मिळून बोल्टाचं असं लग्न लावतात की रात्रभर भिजवल्याशिवाय सुटत नाही. सकाळी पुन्हा एकदा मारा.

आता एक गोष्ट लक्षपूर्वक वाचा. हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो. गिअरही मागच्या चाकांनाच धरतो, कारण इंजिनाची ताकद तिकडेच जाते. म्हणजे मागची चाकं हवेत गेली की गाडी धरून ठेवायला काहीही उरत नाही. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा. विटा नकोत, चुरा होतो. जांभ्याचे चिरे तर नकोतच.

सपाट, पक्क्या जागी चाकांचे नट थोडे ढिले करा. डिफरेन्शियलखाली, म्हणजे ॲक्सलवरच्या जाड गोळ्याखाली, लाकडाचा तुकडा ठेवून ट्रॉली जॅकने मागचा भाग उचला. घोड्या चेसिसच्या जाड पेटीखाली लावा, पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटच्या वीतभर पुढे. पत्र्याच्या फ्लोअरखाली लावल्या तर घोडी सरळ आत जाईल. गाडी हळूच घोड्यांवर बसवा, बाजूने ढकलून बघा, हलली तर पुन्हा लावा. चाकं काढून चेसिसखाली आडवी सरकवून ठेवा. घोडी दगा देईल तेव्हा चाक वाचवेल. जॅक ॲक्सलखालीच राहू द्या, पुढचं सगळं काम त्याच्यावर आहे.

शॉकअप सोडू नका. ॲक्सल फार खाली जाऊ नये म्हणून तेच धरून ठेवतात. ब्रेकचा रबरी पाइप आणि हँडब्रेकच्या केबल ताणल्या जात नाहीत ना, हे जॅक खालीवर करताना दर वेळी बघा.

शॅकलपासून सुरुवात

एका वेळी एकच बाजू. दुसरी बाजू जखडलेली असते म्हणून ॲक्सल जागेवर राहतो. दोन्ही एकदम सोडल्या तर तो कुठे जाईल ते त्यालाच ठाऊक.

सोडण्याआधी फोटो काढा: शॅकल कुठल्या कोनात झुकलाय, पिन कुठून आत घातलीय, नट कुठल्या बाजूला. शॅकलचे दोन्ही नट काढा. आता जॅक अर्ध्या-अर्ध्या इंचाने वर घ्या. ॲक्सलचं ओझं पाट्यावरून उतरतं आणि एका ठिकाणी पिन हाताने फिरायला लागते. तिथेच थांबा. त्याच्या वर गेलात तर पिन दुसऱ्या बाजूने अडकेल. पिन सुटी वाटली की बाहेरची पट्टी काढा आणि पितळी पंच ठेवून पिना ठोकून बाहेर घ्या. लोखंडी पंच घेतलात तर पिनेचं टोक फुलून आटे जातात.

जुनं रबर बहुतेक वेळा हातात तुकड्यांनी येतं. डोळ्याच्या आतला गंज तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत काढा. इथे पाच मिनिटं जास्त गेली तरी चालतील, कारण गंजाची पापडी राहिली तर नवं रबर तिच्यावर घासून वर्षात जाईल. पिनेवर नख फिरवा. खाच लागली तर पिन बदला.

नवी अर्धुकं साबणाच्या पाण्यात बुडवून दोन्ही बाजूंनी दाबा, कड डोळ्याला टेकेपर्यंत. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका. नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. साबण वाळून जातो आणि रबर जागेवर पकड घेतं, आपल्याला तेच हवं आहे. पिन घाला, पट्टी लावा, नट बोटाने फिरवा आणि सोडून द्या. पाना अजून लावायचा नाही.

पुढचा डोळा, म्हणजे खरी कुस्ती

नट सुटला आणि बोल्ट सरळ बाहेर आला तर तुमचं नशीब. माझा आला नाही. डोक्याला पाना लावून फिरवला की थोडा फिरायचा, आणि पाना सोडला की मागे यायचा, दाराच्या स्प्रिंगसारखा. याचा अर्थ बोल्ट आतल्या लोखंडी नळीला गंजाने चिकटलाय आणि तुम्ही बोल्ट फिरवत नसून रबर पिळताय. ठोकून काही होत नाही, रबर सगळे घाव पिऊन टाकतं.

अशा वेळी तेल मारून आणखी वेळ द्या, नट दोन आटे उलटा लावून त्यावर ठोका, म्हणजे बोल्टाचं टोक खराब होत नाही. तरीही नाहीच, तर हॅक्सॉ ब्लेड डोळा आणि ब्रॅकेटच्या फटीत घालून दोन्ही बाजूंनी बोल्ट कापा. अर्धा-पाऊण तास जातो, दंड भरून येतात. ग्राइंडर लवकर कापेल, पण ठिणग्या उडतात, आणि पेट्रोलची टाकी, पाइप याच पोटाखाली आहेत. गाडी एलपीजीवर असेल तर विचारसुद्धा नको. रबर जाळून काढण्यासाठी गॅसची बत्ती लावणारे मी पाहिलेत. ते पाटा गाडीतून काढून, मोकळ्या जागी करत असतील तरी पाट्याचं पाणी जातं, म्हणजे कडकपणा उतरतो.

बोल्ट निघाला की डोळा ब्रॅकेटमधून खाली घ्या. जॅक किंचित खाली करा, टॉमीने पाट्याचं टोक दाबा. रबराची अर्धुकं असतील तर शॅकलसारखंच. एकसंध बुश असेल तर आधी मधलं रबर ड्रिलने भोकं पाडून मोकळं करा आणि आतली नळी काढा. मग बाहेरची पातळ नळी उरते. हॅक्सॉचं ब्लेड उलटं घालून तिला आतून एक चीर द्या. चीर पडत आली की आवाज बदलतो, तिथे हात आखडा. डोळ्याच्या पोलादात खाच गेली तर उद्या पाटा तिथूनच तुटेल. चिरलेली नळी छिन्नीने आत मुडपली की सुटते.

नवा बुश हातोड्याने ठोकू नका. एक लांब आट्याचा रॉड, दोन नट, जाड वॉशर. एका बाजूला बुशच्या बाहेरच्या नळीएवढा सॉकेट, दुसऱ्या बाजूला डोळ्यापेक्षा मोठा पाइपचा तुकडा. रॉड दोन्हीतून घालून नट आवळत गेलं की बुश सरळ आत जातो. दाब नेहमी बाहेरच्या नळीवर द्या. मधल्या नळीवर दिलात तर रबर जागेवर बसण्याआधीच फाटतं. सुरुवातीला वाकडा वाटला तर थांबा, मागे घ्या, पुन्हा लावा. पुढे सरळ होईल म्हणून आवळत राहिलात तर होत नाही.

डोळा परत ब्रॅकेटमध्ये घेताना भोकं जुळत नाहीत, हे गृहीत धरा. ॲक्सल थोडा मागे सरकलेला असतो. जॅकने उंची जुळवा आणि ॲक्सल पुढे ओढायला सामान बांधायचा पट्टा वापरा, किंवा मदतनीसाला टॉमीने रेटायला सांगा. भोकात बोट घालून बघू नका. त्याला पंच आहे. बोल्टाच्या गुळगुळीत भागावर, रबराला लागणार नाही असं अगदी पातळ ग्रीस चालेल, म्हणजे पुढच्या वेळी कापावा लागणार नाही. इथेही नट बोटानेच.

आवळायचं कधी

पहिल्यांदा मी हे काम केलं तेव्हा गाडी घोड्यांवर असतानाच सगळे नट जोर लावून आवळले, चाकं लावली, गाडी उतरवली, हात धुतले. चार महिन्यांत रबर चिरलं.

झालं असं की गाडी हवेत असताना पाटे लोंबत असतात, शॅकल वेगळ्या कोनात असतो. त्या स्थितीत नट आवळले की रबर तिथेच पकडलं जातं. गाडी जमिनीवर आली की पाटा सपाट होतो, डोळा फिरतो आणि रबर ओल्या धुण्यासारखं पिळलं जातं. मग गाडी उभी असो की धावत असो, पीळ चोवीस तास. खड्डा आला की त्या पिळात आणखी भर. रबर टिकणार कसं?

म्हणून दुसरी बाजूही करून घ्या, चाकं लावा, घोड्या काढा, गाडी चारी चाकांवर उतरवा. मागच्या बंपरवर बसून दोन-चारदा दाबा, गाडी हाताने एकदा पुढे-मागे ढकला, म्हणजे पाटे आपल्या जागी बसतात. आता चाकं जमिनीवर असतानाच खाली शिरून नट आवळा. ओम्नी उंच आहे, पाना फिरतो. जागा कमी पडली तर चारही चाकांखाली जाड फळ्या घालून गाडी वर घ्या. आवळण्याचा आकडा तुमच्या गाडीच्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क पान्यानेच आवळा. अर्धुक्यांच्या रबरावर अंदाजाने जोर काढलात तर ते पुन्हा पापडासारखं बाहेर येतं.

गाडी रोज भरूनच चालत असेल तर? मी मधला मार्ग काढला: मागे दोन माणसं बसवून आवळलं. वर्षातले दहा महिने ती अर्धवटच भरलेली असते.

रस्त्यावर

आधी गल्लीत फिरवा, ब्रेक दाबून बघा, थांबून खाली वाकून ब्रेकचा पाइप आणि केबल कुठे घासत नाहीत ना ते पाहा. पहिले दोन दिवस नवं रबर थोडं चुकचुकतं, साबण वाळला की थांबतं. मग अलाइनमेंट करा, आणि या वेळी मागचा ॲक्सल सरळ आहे का तेही मशीनवर दाखवायला सांगा. नुसती पुढची चाकं करून पाठवतात.

प्रत्येक नटावर आणि बाजूच्या लोखंडावर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवा. आठवड्याने, दोनशेएक किलोमीटर झाले की खाली वाकून बघायचं. रेघ तुटली असेल तर नट हललाय. माझ्या गाडीत डाव्या शॅकलच्या वरच्या नटाची तुटली होती, पाव फेरा घेतला. त्यानंतर पुढचा हंगाम गेला, रेघ तशीच आहे, चिखलाखाली बोटाने पुसली की दिसते.